चेहरे दोन

१

दीपमालाला कॅमेरा घ्यायचा होता, आणि तोही सोमवारच्या आत. कंपनीचा निरोप मोबाईलवर आला होता की लॅपटॉपचा स्वतःचा कॅमेरा चालणार नाही, त्यात चेहरा धुरकट दिसतो, तेव्हा वेगळा वेबकॅम घ्या. नाहीतर काय, ते लिहिलं नव्हतं. नव्या नोकरीत 'नाहीतर' लिहावं लागत नाही, माणूस ते आपलं आपण वाचतो.

म्हणून शनिवारी दुपारी ती वरवे बुद्रुकहून शेअर रिक्षानं नसरापूरला गेली. तिथं बंडूचं मोबाईलचं दुकान होतं. बंडू तिच्या नवऱ्याच्या, रतनच्या, वर्गातला, त्यामुळे तिला वहिनी म्हणायचा आणि चहा पाजल्याशिवाय सोडायचा नाही. त्यानं काउंटरवर तीन कॅमेरे मांडले. एक अगदीच खेळण्यातला, त्याकडे दोघांनीही दुसऱ्यांदा पाहिलं नाही. उरले दोन.

"वहिनी, कॅमेरा घेताना भारी कुठला ते मागनं बघायचं," बंडू म्हणाला. "आदी ठरवायचं, आपल्याला दाखवायचंय किती. ह्यो घेतला तर निस्तं तोंड दिसतंय. आन् ह्यो घेतला तर समदी खोली."

दीपमालानं समदी खोलीवाला घेतला. कंपनीला खोली दिसायला हवी होती, हे एक कारण. दुसरं कारण असं की आयुष्यातला पहिला कॅमेरा घ्यायचा आणि तोही अर्धवट दाखवणारा, हे तिच्या मनाला पटेना. घेतेय तर बऱ्यातला घेते, असं ती बंडूला म्हणाली. बाई हौशी होती, त्यात तिचं काही चुकलं नाही.

काम असं होतं. बँकेत खातं उघडणारा माणूस खरंच तोच आहे का, हे घरबसल्या व्हिडिओ कॉलवर बघायचं. त्याला नाव विचारायचं, ओळखपत्र कॅमेऱ्यासमोर धरायला सांगायचं, आणि मग ठरलेली चार वाक्यं म्हणायची. डोळे मिटा. उघडा. मान डावीकडे. मान उजवीकडे. समोर जिवंत माणूस आहे, कुणी फोटो धरून बसलेलं नाही, एवढी खात्री त्यातून व्हायची. पंधरा दिवस परीक्षेचे. शेवटच्या दिवशी पुण्याहून गायत्री मॅडम स्वतः कॉलवर बसून बघणार, आणि त्यांना पटलं तर कायम झाल्याचं पत्र.

त्या पत्रावर तिचं सगळं अडकलं होतं. रतननं शब्द दिला होता, पत्र हातात पडलं की दुसऱ्या दिवशी टेम्पो आणून नसरापुरात दोन खोल्या घ्यायच्या. सासूच्या घरातून सुटायचं. तीन वर्षं दीपमाला त्या एका टेम्पोची वाट बघत होती.

२

सासूचं नाव अंजना. सासूला आत्या म्हणायची त्या घरात पद्धत, म्हणून दीपमालाही आत्याच म्हणायची, पण त्या शब्दातली माया दोघींनी मिळून कधीच संपवली होती. लग्नानंतर पहिल्या महिन्यात मिठावरून बिनसलं ते बिनसलंच. आता बोलणं कामापुरतं, आणि टोमणे मात्र भरपूर.

घर तीन खणांचं. पुढं पडवी, मग स्वयंपाकघर, आणि आत एक खोली. आतली खोली दीपमालानं कामाला घेतली. तिथं कुणी झोपत नसे. रतन आणि ती स्वयंपाकघरात अंथरायची आणि सासू पडवीत, मग डिसेंबरची थंडी का पडेना. घर लहान आणि खोली रिकामी, हे दीपमालाला आल्यापासून चमत्कारिक वाटायचं, पण सासूच्या डोक्यात काय शिरलंय ते विचारायच्या भानगडीत ती पडली नव्हती.

कंपनीचा नियम असा की कॉल चालू असताना खोलीत दुसरं माणूस नको. लोकांची कागदपत्रं दिसतात, खासगी माहिती असते. पडद्यावर खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत मोजदाद चालूच असायची. 'चेहरे : १'. एकाचे दोन झाले आणि मिनिटभर दोनच राहिले, की कॉल आपोआप तुटायचा आणि ठपका नोंदला जायचा. असे तीन ठपके, की घरी बसा. घरी तर ती बसलीच होती म्हणा.

सोमवारी सकाळी रतन पहिल्या पाळीला गेल्यावर तिनं दाराला आतून कडी घातली. बाहेर पडवीत सासू नवा तांदूळ पाखडत होती. फट्, सर्र. फट्, सर्र. तो आवाज कडीला जुमानत नव्हता. दीपमालानं दात आवळले, कानाला हेडफोन लावले आणि कॅमेरा सुरू केला. बंडू खोटं बोलला नव्हता. समदी खोली दिसत होती. खिडकी, मागची भिंत, भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, डावीकडच्या कोपऱ्यात गोधड्यांची चळत आणि पत्र्याची पेटी.

खाली कोपऱ्यात लिहून आलं, 'चेहरे : २'.

तिला आधी हसूच आलं. फोटो मोजला असणार. यंत्राला काय कळतंय, त्याला चेहरा दिसला की पुरे. आता दुसरी कुणी असती तर फोटो तात्पुरता उतरवून ठेवला असता. पण त्या घरात बाबासाहेबांचा फोटो नोकरीसाठी खाली उतरवायचा, हे दीपमालाच्या मनातही येणं शक्य नव्हतं. ज्यांच्यामुळं शिकलो त्यांनाच भिंतीवरून काढायचं, हे कुठलं शहाणपण? तिनं टेबल फिरवलं. फोटो समोर घेतले आणि पाठ कोपऱ्याकडे केली.

टेबल सरकल्याचा आवाज ऐकून सासू दाराशी आली. कडी काढायला लावून तिनं आत बघितलं, उंबऱ्याच्या आत मात्र पाऊल टाकलं नाही.

"त्या कोपऱ्याला पाट करून बसू नगं," ती म्हणाली.

"का?"

"सांगितलं तेवढं ऐक."

दीपमालानं ऐकलं नाही. या बाईनं आजवर काय कर म्हणून सांगितलं होतं? सांगितलं ते हे करू नको, ते करू नको. त्यात आणखी एक नको. तिनं पुन्हा कडी घातली आणि टेबलाशी येऊन बसली. 'चेहरे : १', असं पडद्यावर आलं. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून ती खूश झाली.

३

खोकला दुपारीच परत आला. जेवण करून ती बसली तर पुन्हा दोन. तिनं वळून पाहिलं. गोधड्या, पेटी, भिंत. समोर वळली तोवर एक झाला होता. असं त्या दिवशी चारदा झालं आणि मंगळवारी तर तिनं मोजायचंच सोडलं. मंगळवारी अकरा वाजता एका चांगल्या शिकलेल्या माणसाचा कॉल मधेच तुटला. पहिला ठपका.

तिनं गायत्री मॅडमना मेसेज टाकला. मॅडम बोलायला तुटक, पण कामाच्या. त्यांनी कळवलं की सेटिंगमध्ये चौकटी चालू करा, यंत्राला चेहरा कुठं दिसतोय ते कळेल. दीपमालानं चौकटी चालू केल्या. तिच्या चेहऱ्याभोवती हिरवी चौकट आली. आणि दुसरी, लहानशी, डावीकडच्या कोपऱ्यात, पेटीच्या वर.

त्या चौकटीत काही नव्हतं. भिंत होती. ओल आलेली, पोपडे निघालेली भिंत. मग ओलीचाच डाग, तिनं स्वतःला बजावलं. डागाला डोळे-नाक असल्यासारखं वाटतं कधीकधी, लहानपणी ढगांत नाही का आपण हत्ती बघत. तिनं पेटीतली पांढरी चादर काढली, दोन खिळे ठोकले आणि कोपरा चादरीनं झाकून टाकला. डाग झाकला, विषय संपला.

ती येऊन बसली. चौकट तिथंच होती. चादरीवर होती, म्हणजे चादरीच्या अलीकडे होती. उंचीनं एवढी, की पेटीवर कुणी बाई गुडघे पोटाशी घेऊन बसली असती तर तिचं तोंड बरोबर तिथं आलं असतं.

दीपमाला घाबरली, यात आडपडदा कशाला. पण घाबरून करणार काय? पडवीत जाऊन सासूच्या शेजारी बसणार? त्यापेक्षा चौकट बरी, असं तिला वाटलं, आणि ते वाटल्याचं तिला जरा बरंही वाटलं. बाहेर सूप चालूच होतं. फट्, सर्र.

४

रात्री जेवताना तिनं रतनला सांगितलं, पण असं सांगितलं की कॅमेरा खराब निघाला. रतन भला माणूस, पण आई आणि बायको यांच्यामध्ये उभं राहून राहून त्याला कुठल्याच गोष्टीच्या खोलात जायची सवय उरली नव्हती. बदलून आण, म्हणाला. सासू भाकरी कुस्करता कुस्करता थांबली. तिनं रतनकडे नाही, दीपमालाकडे पाहिलं, आणि ताट घेऊन पडवीत गेली.

बुधवारी सुट्टी टाकून दीपमाला बंडूकडे गेली. बंडूनं कॅमेरा तिथंच लॅपटॉपला लावला. तिला समोर बसवलं, एक आला. तो तिच्या मागं जाऊन उभा राहिला, दोन आले. बाजूला झाला, एक. दहा वेळा करून पाहिलं. कॅमेऱ्यात काडीचा दोष नव्हता.

"तुमच्या खोलीतच मागं काईतरी येत आसंल वहिनी," तो म्हणाला. "मंग ह्यो न्या, तोंडापुरता. ह्यात मागचं काय बी येत न्हाई. ह्यात कुणाला यायचंच आसंल तर तुमच्या खांद्याला खांदा लावून बसाय लागंल."

असं म्हणून तो हसला. दीपमालाही हसली. त्याच्याजागी कुणीही हेच म्हणालं असतं, आणि तिच्याजागी कुणीही तोच कॅमेरा घेतला असता. तिनं तो घेतला, पिशवीत घातला आणि परत येताना रिक्षात मांडीवर धरून बसली.

५

गुरुवार, शुक्रवार, शनिवार. तीन दिवस कोपऱ्यात नुसता एकच आकडा. पडद्यावर तिचा चेहरा, मागं हातभर पांढरी चादर, बाकी काही नाही. आवाजात गोडी आली, हात भरभर चालू लागला. रविवारी ती रतनला घेऊन नसरापुरात खोल्या बघून आली. मागच्या बाजूला मोरी, पुढं गॅलरी, वर गच्ची. तिनं मनातल्या मनात भांडीसुद्धा लावून टाकली.

दुसऱ्या आठवड्याच्या मंगळवारी वेल्ह्याहून सोनबा म्हणून एका म्हाताऱ्यांचा कॉल आला. बाजारातल्या कुठल्यातरी दुकानात बसले असावेत, मागं एसटीचा भोंगा ऐकू येत होता. डोक्यावर टोपी, मोबाईल नाकाला लावलेला. दीपमालानं त्यांना मोबाईल लांब धरायला शिकवलं. नाव झालं, ओळखपत्र झालं.

"आता डोळे मिटा, बाबा."

म्हाताऱ्यांनी मिटले.

"उघडा. मान डावीकडे."

त्यांनी मान वळवली नाही. ते पडद्याकडे बघत राहिले. मग अगदी साध्या आवाजात, शेजारणीची चौकशी करावी तसं त्यांनी विचारलं.

"बाई, तुमच्या मागच्या बाईंनी बी डोळं मिटलं व्हतं का? आत्ता उगडलं त्यांनी. त्यांचं बी खातं काढायचंय व्हय?"

दीपमालानं खाली पाहिलं. दोन. दुसरी चौकट तिच्या उजव्या खांद्याला टेकली होती. तिच्या चौकटीएवढीच मोठी. आणि त्या चौकटीखाली, गिऱ्हाईकाच्या चेहऱ्याखाली यायची तशी, बरोबरची बारीक खूण आली होती. डोळे, ठीक. दीपमालानं स्वतः डोळे मिटले नव्हते.

ती वळली नाही. वळून उपयोग नाही हे तिला कळलं होतं, वळलं की तिथं काही नसतं. तिनं खांदा चोरला, तेवढंच तिला करता आलं. मिनिट भरलं आणि कॉल तुटला. दुसरा ठपका.

आणि मग त्या शांत खोलीत बसल्या बसल्या तिला बंडूचं बोलणं आठवलं. मोठ्या कॅमेऱ्यात ती कोपऱ्यातून दिसत होती. लहान कॅमेऱ्यात दिसायचं तर जवळ यावं लागतं. पाच दिवस लागले होते तिला पेटीपासून खुर्चीपर्यंत यायला. आणि तो लहान कॅमेरा दीपमालानं स्वतःच्या हातानं आणला होता.

६

आता तुम्ही म्हणाल, मग ती तिथं बसलीच कशाला? उठायचं, सगळं गुंडाळायचं आणि रतनला सांगायचं. बोलायला सोपं आहे. एक ठपका उरला होता आणि चार दिवस उरले होते. चार दिवसांच्या पलीकडे गॅलरी होती.

बुधवारी सकाळी, पहिल्या कॉलच्या आधी, चौकट खांद्याशी होती. दीपमालानं कॅमेऱ्याकडे बघत, कंपनीनं शिकवलेल्या सपाट आवाजात म्हटलं, "मान डावीकडे." चौकटीखाली खूण आली. मान डावीकडे, ठीक.

ती पुढं म्हणाली, "मान खाली."

चौकट गेली. चेहराच दिसेना तर यंत्र मोजणार काय? 'चेहरे : १'.

दोन दिवस तिनं असे काढले. दर कॉलच्या आधी हळूच म्हणायचं, मान खाली. ऐकायची बिचारी. हा शब्द दीपमालाच्या मनात आला आणि त्याचाच तिला धक्का बसला. पण खरं सांगायचं तर त्या घरात तिचं ऐकणारं दुसरं कोण होतं? सासूला ती आठवडाभर सांगत होती, आत्या, माझे कॉल असतात, पाखडायचं जरा दुपारनंतर करा. आवाज लोकांना जातो, मॅडमनी दोनदा टोकलंय. सासू काय म्हणायची? तुझ्या नोकरीपायी मी काय दाणे खडे-काड्यांसकट शिजवू का, म्हणायची. आणि मुद्दाम जोरात पाखडायची.

गुरुवारी संध्याकाळी मात्र दीपमाला चुलीपाशी जाऊन बसली. तिनं सासूला विचारलं, त्या कोपऱ्याचं काय आहे? सासूनं लाकूड आत सारलं.

"मला इचारू नगं."

"तुमी रोज पडवीत झोपता ते त्यामुळंच ना?"

सासूनं जाळ फुंकला. मग म्हणाली, "ती खोलीत हाय तवर खोलीत हाय. दाराला कडी नसली तरी चालतंय. फकस्त तिला कुनी काय सांगायचं न्हाई. बोलायचंच न्हाई तिच्यासंगं. तू काय बोलली न्हाईस न्हवं?"

"न्हाई," दीपमाला म्हणाली.

खोटं बोलायला तिला एक श्वासही लागला नाही. उलट तिला राग आला. तीन वर्षांत हे एकदाही सांगावंसं वाटलं नाही या बाईला, आणि आता सांगते तेही निम्मंच. परवा नोकरी कायम होणार म्हणून घाबरवतेय, तिनं ठरवून टाकलं. सून घरातून जाईल म्हणून. दीपमालाला ते पटलं, कारण तिला ते पटायला हवं होतं.

७

शनिवारी सकाळी दहाला गायत्री मॅडम पडद्यावर आल्या. चष्मा, बांधलेले केस, मागं पुस्तकांचं कपाट. पुढचा एक तास त्या कॉलवर गप्प राहून बघणार होत्या. गिऱ्हाईकाला त्या दिसणार नव्हत्या. एकदा कॉल सुरू झाला की खुर्ची सोडायची नाही, मधे थांबायचं नाही, एवढं त्यांनी सांगितलं.

दीपमालानं आधीच हळू आवाजात म्हणून ठेवलं होतं, मान खाली. आकडा एक होता. बाहेर सूप वाजत होतं.

मॅडमनी चष्मा सारखा केला आणि पडद्याच्या जवळ आल्या.

"दीपमाला, तुमच्या मागे कोण बसलंय?"

"कुणी नाही, मॅडम."

"मला दिसतंय. मान खाली घालून बसल्यात. केस दिसताहेत." त्यांचा आवाज चढला नाही, तो नुसता थंड झाला. "यंत्राला फसवायला मान खाली घालायला लावलीय का? हे बघा, असले प्रकार मी रोज बघते. आत्ताच्या आत्ता त्यांना बाहेर पाठवा. नाहीतर आपण इथंच थांबू."

सासूचे शब्द दीपमालाला स्वच्छ आठवले, एकही विसरला नाही. नंतर कुणी विचारलं असतं तर तिला म्हणता आलं नसतं की मला ठाऊक नव्हतं. तिला गॅलरी आठवली. मोरी आठवली. तीन वर्षांतलं एकेक जेवण आठवलं.

"तुम्ही बाहेर जा," ती कॅमेऱ्याकडे बघत म्हणाली.

काही हललं नाही.

"अहो, दाराला कडी असेल," मॅडम वैतागून म्हणाल्या. "उठून दार उघडून द्या त्यांना. कॉल सुरू व्हायचाय अजून."

दीपमाला उठली. कडी काढली, दाराची फळी ओढून धरली आणि भिंतीला चिकटून, जमिनीकडे बघत उभी राहिली. स्वयंपाकघरातलं ऊन उंबऱ्यावर पडलं होतं. तिच्या अंगावरून जुन्या गोधडीचा, बंद पेटीतला वास गेला. आणि उंबऱ्यावरच्या त्या उन्हात तिला दोन टाचा दिसल्या, पलीकडे जाणाऱ्या. घरातल्या, शेजारच्या, शेतातल्या, जन्मात पाहिलेल्या सगळ्या बायकांच्या टाचा तिला ठाऊक होत्या, भेगा पडलेल्या, मातीनं भरलेल्या. या टाचांना एक भेग नव्हती. तान्ह्या पोराच्या असतात तशा मऊ, गुलाबी, कधी जमिनीवर न टेकलेल्या. पण होत्या बाईमाणसाच्या, चांगल्या मोठ्या.

तिनं दार लावलं. आणि त्यानंतर तिनं जे केलं ते कुणी सांगितलं नव्हतं. तिनं कडी घातली.

८

"आता ठीक," गायत्री मॅडम म्हणाल्या. "चला, पहिला कॉल घ्या."

'चेहरे : १'. गिऱ्हाईक भोरचा एक मास्तर होता, समोर नीट बसलेला. दीपमालानं नाव विचारलं. तिचा आवाज थरथरला नाही, शिकवलेला होता तो. एका कानावरचा हेडफोन मात्र तिनं केस मागं सारायच्या निमित्तानं जरासा सरकवला.

फट्, सर्र. फट्.

सूप मधेच थांबलं. तांदूळ खाली पसरल्याचा आवाज झाला. मग सासू बोलली. ओरडली नाही. दीपमालानं तिचा तसा आवाज कधी ऐकला नव्हता, इतका हळू, इतका अजिजीचा.

"आलीस व्हय गं भाईर? कुनी सांगितलं तुला? ... बस. हितं बस. माज्याशी बोलू नगं, बाई. निस्ती बस."

"ओळखपत्र कॅमेऱ्यासमोर धरा," दीपमाला म्हणाली. मास्तरांनी धरलं. उठावं, असं तिला वाटलं. पाय जमिनीवर घट्ट रोवलेही. मॅडम गालाला बोट लावून बघत होत्या. खुर्ची सोडायची नाही. एवढा कॉल होऊ दे, तिनं स्वतःला सांगितलं, दोन मिनिटांचं तर काम.

"डोळे मिटा."

मास्तरांनी डोळे मिटले. आणि पडवीतून, एक श्वास मागं राहून, तेच दोन शब्द आले. दीपमालाच्याच आवाजात, सपाट, शिकवलेले.

"डोळे मिटा."

भिंतीवरून घुमला असेल, तिचं मन घाईघाईनं म्हणालं. पण एवढ्या दिवसांत एकदाही घुमला नव्हता. दोन आठवडे ती बाई पाठीशी बसून तिचं बोलणं शिकत होती. पुढचा शब्दही तिला येत असणारच. त्या दोन शब्दांनंतर लगेच यायचा तो शब्द. दीपमाला थांबली. बाहेरून तो शब्द यायची वाट बघत थांबली. पडवीत सासूची काकणं एकदा वाजली, आणि मग वाजली नाहीत. तो शब्द आला नाही.

म्हणजे तो तिनं म्हणायचा होता. तिनं सांगितलं तसंच तर सगळं होत होतं. मोठ्यानं, दाराकडे तोंड करून एकदा म्हटला असता, तर.

समोर मास्तर डोळे मिटून शहाण्यासारखे बसले होते. पडद्यावर मॅडमचा निरोप उमटला, थांबलात का, पुढे बोला.

"उघडा," दीपमाला म्हणाली. हळू, गोड आवाजात म्हणाली, समोरच्यापुरतं. कडी घातलेल्या दारापलीकडे जाईल इतक्या मोठ्यानं ती म्हणाली नाही.

मास्तरांनी डोळे उघडले. डोळे, ठीक. मान डावीकडे, ठीक. मान उजवीकडे, ठीक. कॉल संपला तसा मॅडमचा दुसरा निरोप आला. आज आवाज एकदम स्वच्छ येतोय, मागची ती फटफट बंद केलीत ते फार बरं केलंत, असंच ठेवा.

बाहेर कसलाच आवाज नव्हता. तीन वर्षं हवी होती तितकी शांतता होती. दीपमालानं हेडफोन कानावर नीट बसवला आणि पुढचा कॉल घेतला.